कागदाच्या शेततळ्यात मातीतले जिवाणू: पंगस माशाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

पंढरपूर तालुक्यातलं हे द्राक्षबागायतदाराचं घर. गावाचं नाव देत नाही, आणि घरच्या कारभाऱ्यांना इथे आप्पा म्हणू. बागेसाठी त्यांनी अर्ध्या एकराच्या आसपासची, एक मोठं आणि एक धाकटं, अशी दोन शेततळी खोदली आणि दोन्हींत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. पावसाळ्यात विहिरीवरून तळी भरायची आणि उन्हाळ्यात तेच पाणी बागेला द्यायचं, एवढाच मूळ हेतू. मासे नंतर आले. पाणी उभंच आहे तर पंगस सोडून बघू, हे पुतण्याच्या डोक्यातून निघालं. पहिल्या वर्षी चार पैसे सुटले, म्हणून पुढच्या वर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढवली. मोठ्या तळ्यात आठ हजार, धाकट्यात सात.

पंगस अशा तळ्याला सोयीचा. पाण्यातला ऑक्सिजन उतरला तरी तो वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्यामुळे रोहू-कटला जिथे पहाटे मान टाकतात तिथे हा तगतो. पण यातच खोडा आहे. पाणी बिघडलं तरी मासा लवकर कळू देत नाही, आणि मालक खाद्य टाकत राहतो. शिवाय पंगस थंडीला फार कच्चा. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत तो खाणं जवळपास सोडतो, वाढ थांबते, प्रतिकारशक्ती खालावते.

कागदाच्या तळ्याचीही एक खोड आहे. मातीच्या तळ्यात उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाच्या मातीत मिसळते आणि तिथले जिवाणू ती कुजवतात. कागदावर हा मळ काळ्या, बुळबुळीत थरासारखा साचतो. द्राक्षाला पाणी उपसत गेलं की मासे तेवढेच, मळ तेवढाच आणि पाणी मात्र निम्मं, अशी गत होते.

अडचण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. दुपारी ऊन चटका देत होतं, रात्री अजून गारठा. मासे पुन्हा खायला लागले म्हणून पुतण्याने थंडीत कमी केलेलं खाद्य एकदम वाढवलं. मार्चअखेर माल काढायचा होता, वजन हवं होतं. आठवड्याच्या आत मोठ्या तळ्यात सकाळी पाच मासे तरंगताना दिसले. दोन दिवसांनी बावीस. मग रोज चाळीस-पन्नास. धाकट्या तळ्यात दिवसाला दोन-तीन.

मला सल्ल्याला बोलावलं तेव्हा आप्पांचा पहिला संशय फवारणीवर. शेजाऱ्याच्या बागेतून वाऱ्याने औषध आलं असेल, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त होती, पण मरतुकीची तऱ्हा जुळत नव्हती. विषबाधा झाली की लहान-मोठे सगळेच मासे एका रात्रीत जातात आणि मग आकडा खाली येतो. ऑक्सिजन संपला तर मरण पहाटे येतं, मोठे मासे आधी जातात, आणि पंगसला तर ते सहसा लागतच नाही. इथे आकडा रोज चढत होता.

काठाशी रेंगाळणारा एक मासा जाळीने वर काढला. पंगसला खवले नसतात, त्यामुळे कातडीवर जे काही उमटतं ते लपत नाही. परांच्या बुडाशी रक्त उतरलेलं, पोट फुगलेलं, गुदद्वार लाल आणि सुजलेलं, एक डोळा बाहेर आलेला. पोट चिरलं तर गुलाबीसर पाणी वाहिलं, यकृत फिकट, आतड्यात खाद्याचा कण नाही. रक्तात जिवाणू पसरल्याची ही लक्षणं. नाव मात्र डोळ्यांनी ठरत नाही.

पाण्याचा सामू (पीएच) दुपारी ८.८ होता. इथे थोडं थांबायला हवं, कारण याच आकड्याने पुढचे बरेच निर्णय ठरले. २८ अंश तापमानाला सामू ७ असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम १ टक्का विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच वाटा ४० टक्क्यांवर जातो. म्हणजे सकाळी तपासलेलं पाणी ठीक वाटतं आणि दुपारी तेच माशाचे कल्ले जाळतं. पुतण्या पाणी तपासत होता, पण कायम सकाळीच.

नमुना कुठला न्यायचा

आप्पांनी मेलेल्या माशांची पाटी भरून ठेवली होती. तिचा उपयोग नव्हता. ज्याच्यावर संशय होता तो एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू गोड्या पाण्यात आणि धडधाकट माशाच्या आतड्यातही एरवी असतोच. मासा मेल्यावर काही तासांत तो शरीरभर पसरतो, आणि मग प्रयोगशाळेत तोच सापडतो, मासा कशानेही मेलेला असो. म्हणून गळून गेलेले पण जिवंत असे सहा मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत घालून रातोरात पाठवले. मूत्रपिंडातून नमुना घेऊन जिवाणू वाढवायचे आणि कुठलं प्रतिजैविक त्यांना लागू पडतं ते बघायचं, अशी विनंती सोबत होती. अहवालाला पाच दिवस लागणार होते. त्या पाच दिवसांत काय करायचं, यावर घरात रात्री उशिरापर्यंत बैठक चालली.

समोरचे पर्याय

माल लगेच काढून विकणं हा पहिला. व्यापाऱ्याला कुणकुण लागलीच होती, त्याने निम्मा भाव सांगितला. शिवाय आजारी मासा बाजारात घालायचा का, हा प्रश्न पैशाच्या आधी येतो.

दुसरा पर्याय खाद्याच्या दुकानातून आला: जनावरांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक खाद्यात मिसळा, उद्यापासून मासा मरणार नाही. न तपासता, अंदाजाने. जिवाणू आधीच त्याला निर्ढावलेला असेल तर पैसे जातात, दिवस जातात आणि औषधाचा अंश मांसात राहतो.

तिसरा, पोटॅशियम परमँगनेट. तळाशी इतका मळ असताना औषध आधी मळातच खर्ची पडतं. जंतूपर्यंत पोचवायचं तर मात्रा एवढी वाढते की कल्ल्यांना इजा होते.

चौथा पर्याय आप्पांचा स्वतःचा, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत रंजक. त्यांनी खोलीतून बॅसिलस सबटिलिसचं पाकीट आणलं. द्राक्षाला काढणीजवळ रासायनिक औषधाचे अंश नकोत म्हणून भुरी या बुरशीरोगासाठी बागायतदार हेच जैविक बुरशीनाशक फवारतात. "साहेब, डीलर माशासाठी जी पावडर विकतोय त्यावर बी हेच नाव हाय. भुरीला चालतंय, मग माशाला का नाही चालायचं? घरात दोन किलो पडलंय."

प्रश्न बिनतोड वाटतो. त्याला उत्तर देण्यासाठी हे जिवाणू करतात काय, ते बघावं लागलं.

हे जिवाणू करतात काय

बॅसिलस हे मातीतले नेहमीचे रहिवासी. परिस्थिती प्रतिकूल झाली की ते बीजाणू, म्हणजे झोपलेलं कवचबंद रूप, करून बसतात. हा बीजाणू कोरडेपणा, उष्णता आणि जठरातलं आम्ल सोसतो, म्हणून पाकिटात टिकतो आणि माशाच्या आतड्यापर्यंत जिवंत पोचतो. तिथे रुजला की तो सर्फॅक्टिन, इट्युरिन, फेंजायसिन यांसारखी द्रव्यं सोडतो, त्यातली काही इतर जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. तो जागा आणि अन्न अडवतो, माशाची प्रतिकारयंत्रणा जागी ठेवतो. काही जाती आणखी एक काम करतात. एरोमोनाससारखे जंतू रासायनिक निरोप पाठवून आपली संख्या जोखतात आणि पुरेसे झाले की हल्ला चढवतात. हे निरोप तोडणारं विकर (एन्झाइम) २००० मध्ये मातीतल्या एका बॅसिलसमध्येच सापडलं.

पण हे सगळं प्रत्येक जातीत नसतं. अमेरिकेत अलाबामाच्या पश्चिम भागात २००९ पासून कॅटफिशच्या (पंगसच्याच गणातल्या मिशीवाल्या माशांच्या) तळ्यांत एरोमोनास हायड्रोफिलाच्या एका जहाल वाणाने मोठं नुकसान केलं. तिथल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी माती आणि कॅटफिशच्या आतड्यातून बॅसिलस वेगळे करून या एरोमोनाससमोर आणि कॅटफिशच्या दुसऱ्या एका रोगजंतूसमोर, एडवर्डसिएला इक्टालुरीसमोर, आजमावले. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. प्रयोगशाळेच्या थाळीत चांगले ठरलेले २१ वाण माशांना खाऊ घातले, आणि माशात ठळक संरक्षण दिलं ते त्यांतल्या मोजक्याच वाणांनी. त्यांतलाच एपी१९३ हा वाण पुढे बॅसिलस व्हेलेझेन्सिस म्हणून ओळखला गेला. द्राक्षाच्या पाकिटातला वाण निवडला गेला तो भुरीसमोर. एरोमोनाससमोर नव्हे. शिवाय त्यातली भुकटी आणि चिकटद्रव्यं पानावर बसायला घातलेली असतात, माशाच्या पोटात जायला नव्हेत. आप्पांचं पाकीट परत खोलीत गेलं, जरा नाराजीनेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी रोहूवर केलेला आणि २००६ मध्ये छापलेला बॅसिलस सबटिलिसचा प्रयोग घ्या, २००७ मधला ट्राउटवरचा घ्या, किंवा ऑबर्नचा. क्रम सगळीकडे एकच आहे: आधी काही आठवडे जिवाणू खाऊ घातले, मग रोगजंतूची लागण केली आणि जगण्याचं प्रमाण मोजलं. रक्तात जंतू पसरलेल्या, खाणं सोडलेल्या माशाला बॅसिलस देऊन तो बरा झाला, असं यातला कुठलाही प्रयोग सांगत नाही. आतड्यात न पोचलेला जिवाणू काय करणार? डीलरच्या माहितीपत्रकावर मात्र "मरतुकीवर रामबाण" असं छापलेलं होतं.

केलं काय

त्याच रात्री दोन्ही तळ्यांचं खाद्य बंद. एका फटक्यात अमोनियाची आवक कमी झाली. मेलेले मासे दिवसातून दोनदा काढून चुन्यासोबत खड्ड्यात. पाण्यात हवा मिसळणारा एरिएटर रात्रभर सुरू. मोठ्या तळ्यातलं साधारण तिसरा हिस्सा पाणी तळाकडून उपसून बागेत सोडलं आणि विहिरीचं ताजं पाणी भरलं. दुपारचा सामू चार दिवसांत ८.२ वर आला. मरतूक पन्नासवरून तिशीत उतरली, तेही अजून औषधाचा कण पडलेला नसताना.

अहवाल आला. एरोमोनास हायड्रोफिला. एन्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नव्हता, ऑक्सिटेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला देत होता. दुकानदाराचं ऐकलं असतं तर पाच दिवस वाया गेले असते.

इथे खरा पेच आला. मोठ्या तळ्याला प्रतिजैविक द्यायचं ठरलं. पण तेच पाणी तोडणीला आलेल्या द्राक्षाला द्यायचं का? नाही, हे आम्ही पक्कं केलं. मग बागेला पाणी धाकट्या तळ्यातून घ्यावं लागणार, म्हणजे तिथली पातळी उतरणार आणि जे तळं अजून सावरलेलं आहे तेच धोक्यात येणार. तोड होईपर्यंत बाग विहिरीवर आणि शेजाऱ्याकडून विकत घेतलेल्या पाण्यावर काढली. खर्च बोचला. औषधाच्या खर्चाहून तो जास्त होता.

मोठ्या तळ्याला पशुवैद्यांच्या चिठ्ठीवर दहा दिवस औषधी खाद्य दिलं. जे मासे खात होते ते वाचले. ज्यांनी खाणं सोडलं होतं ते गेले, आणि ते जाणारच होते. औषध संपल्यावर विक्रीसाठी थांबावं लागलं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत माशातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोला ०.१ मिलीग्रॅम आहे. अमेरिकेत कॅटफिशसाठी शेवटच्या मात्रेनंतर २१ दिवस थांबतात, तोच हिशेब धरला.

धाकट्या तळ्याचं काय? आप्पा म्हणाले, दोन्हीकडं औषध टाका, डोक्याला ताप नको. माझं मत वेगळं होतं. दिवसाला दोन-तीन मासे मरत असताना, आणि बाकीचे खात असताना, प्रतिजैविकाची घाई नको. हे तळं बॅसिलससाठी योग्य उमेदवार होतं: मासे खात होते आणि आतड्यात औषध नव्हतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन एरोमोनासची वाढ रोखतं तशी रुजलेल्या बॅसिलसचीही रोखतं, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी देण्यात अर्थ नसतो. ठरलं असं: मरतूक दिवसाला दहाच्या वर गेली तर औषध, तोवर जिवाणू. ती रेघ शेवटपर्यंत ओलांडली गेली नाही.

पाकिटातला हिशेब

डीलरच्या पाकिटावर ग्रॅमला १०० कोटी जिवाणू लिहिलेलं, आणि मात्रा किलो खाद्याला २ ग्रॅम. म्हणजे खाद्याच्या एका ग्रॅममध्ये २० लाख. रोहूवरच्या प्रयोगात मात्रा ग्रॅमला कोटीच्या घरात होती. तिथे पोचायचं तर २ ऐवजी १० ग्रॅम लागतात, आणि किलोला सात रुपये वाढतात. पंगसच्या धंद्यात ही वाढ हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

म्हणून आधी दोन कंपन्यांची पाकिटं मोजणीला दिली. नमुना ८० अंशांवर १० मिनिटं तापवला की बाकीचे जिवाणू मरतात आणि उरतात ते बीजाणू. एक पाकीट छापील आकड्याच्या जवळ निघालं. दुसऱ्यात शंभरातला एक भागही नव्हता. मोजणी केली नसती तर आम्ही पंधरवडाभर माशांना नुसती भुकटी खाऊ घातली असती.

पुतण्याने दरम्यान दोनशे लिटरच्या पिंपात गूळ, कोंडा आणि पावडर घालून "कल्चर वाढवायला" ठेवलं होतं, जीवामृताच्या सवयीने. दुसऱ्या दिवशी पिंपाला आंबूस, उग्र वास. हवा न दिलेल्या गुळाच्या पाण्यात बॅसिलसपेक्षा इतरच जंतू जोमाने वाढतात, आणि ते पिंप तळ्यात ओतलं की गूळ कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन खेचला जातो. पिंप उकिरड्यावर रिकामं केलं. तरंगतं खाद्य कारखान्यात १०० अंशांहून जास्त उष्णतेतून निघतं, म्हणून बीजाणू नंतरच लावायचे: थोड्या तेलात कालवून तयार खाद्यावर चोळले, अर्धा तास सावलीत वाळवले, त्याच दिवशी टाकले.

निष्पत्ती

मोठ्या तळ्यात हंगामअखेर साधारण चौथा हिस्सा मासा गेला. धाकट्यात दीडशेच्या आत. आप्पांनी गावात सांगायला सुरुवात केली की जिवाणूंनी तळं वाचवलं. मला तसं म्हणवत नाही. धाकट्या तळ्यात मासा कमी होता, माशांच्या मानाने पाणी जास्त होतं, खाद्य वेळेत थांबलं. जिवाणूंचा वाटा यात किती, हे या आकड्यांतून निघत नाही.

दुसऱ्या हंगामाआधी मी एक तळं विना-जिवाणू ठेवा म्हटलं. आप्पांनी साफ नकार दिला. "तुमचा प्रयोग होतोय साहेब, पण मासा माझा मरतोय." यावर बोलायला जागा नव्हती. मधला मार्ग म्हणून प्रत्येक तळ्यात एक हापा, म्हणजे जाळीचा पिंजरा, बांधला, शंभर-शंभर मासे, साधं खाद्य. जिवाणूंची पूर्ण मात्रा सगळा हंगाम परवडत नव्हती, म्हणून ती दोन वेळांपुरती ठेवली: मत्स्यबीज सोडल्यावरचा पहिला महिना, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. थंडीनंतर खाद्य एकदम न वाढवता तीन आठवड्यांत वाढवलं. सामू दुपारी मोजला.

फेब्रुवारीअखेर दोन्ही तळ्यांत लाल परांचे मासे दिसले. खाद्य निम्मं केलं, आठवड्यात प्रकार थांबला, प्रतिजैविक लागलं नाही. हाप्यांतले दोनशेपैकी एकोणीस मेले, म्हणजे तळ्याच्या मानाने बरेच. पण जाळीला घासून कातडी सोलवटते आणि एरोमोनास तिथूनच शिरतो, त्यामुळे हा फरक जिवाणूंच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय पाणी एकच. तळ्यातल्या माशांच्या विष्ठेतून बीजाणू हाप्यातही पोचतच असणार.

पाणी सुधारलं का? ऑबर्नच्या संशोधकांनीच १९९८ मध्ये कॅटफिशच्या तळ्यांत बॅसिलस सोडून बघितलं तेव्हा पाण्याच्या गुणवत्तेत खास फरक पडला नव्हता, मासे मात्र जास्त जगले होते. २०१९ मध्ये एपी१९३ खाद्यातून दिल्यावर त्याच विद्यापीठात तळ्यातला नायट्रेट आणि फॉस्फरस घटल्याचं दिसलं. वाण वेगळा, देण्याची रीत वेगळी. आप्पांच्या तळ्यात अमोनिया उतरला तो मला तरी खाद्य आवरल्याने उतरलेला दिसतो. बॅसिलस अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या गटातला जिवाणू नाहीच, तरी "अमोनिया किलर" म्हणून तो विकला जातो.

पुन्हा वेळ आली तर

पाकिटाची मोजणी बीज सोडण्याआधीच झालेली असावी, मरतूक सुरू झाल्यावर नव्हे. हापा तळ्यात बांधण्याऐवजी काठावर दोन-चार सिमेंटच्या टाक्या, वेगळ्या पाण्यावर. तिथे पन्नास माशांचीही तुलना जास्त बोलकी ठरेल. तळाचा मळ थंडी सुरू होण्याआधी, ऑक्टोबर छाटणीच्या पाण्यासोबत एकदा उपसून बागेत घालवावा, द्राक्षालाही तो लागू पडतो. आणि केंद्र सरकारचं मत्स्यरोग कळवण्याचं ॲप २०२३ पासून आहे. पहिले पाच मासे तरंगले त्याच दिवशी त्यावर फोटो गेला असता तर नमुना चार दिवस आधी पाठवता आला असता.

आप्पांचे मेव्हणे शेजारच्या तालुक्यात तीन तळी करतात. ते एक तळं साध्या खाद्यावर ठेवायला तयार आहेत, नुकसान झालं तर त्या तळ्याचं बीज पुढच्या वर्षी आप्पांनी द्यायचं या बोलीवर. बोटुकली ऑगस्टमध्ये पडेल.